एआयने दुरुस्त केलेला फोटो मूळ मापात परत कसा आणायचा

एका ग्रुप फोटोच्या उजव्या कोपऱ्यात कचऱ्याची बादली आली होती. बाकी फोटो झकास. चौदा माणसं, तीन रांगा आणि सगळ्यांचे डोळे उघडे, असा योग रोज येत नाही. तेवढी बादली काढायला म्हणून तो फोटो मी एका एआय साधनाला दिला. अर्ध्या मिनिटात परत आला, बादली गायब. खूश होऊन पुढे पाठवणार, तेवढ्यात फाईलच्या मापाकडे लक्ष गेलं. गेली होती ४०३२ × ३०२४, आली १५३६ × १०२४. मग मोठा करून पाहिला. खाली बसलेल्यांची पावलं कापली गेली होती आणि मागच्या रांगेतल्या काकूंच्या चष्म्याची फ्रेमच बदलली होती. काकूंच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

त्यानंतर मी दोन-तीन वेळा विनवण्या करून पाहिल्या. 'माप बदलू नकोस', 'तंतोतंत तेवढंच ठेव', 'एकही पिक्सेल कापू नकोस'. साधनाने दर वेळी होकार दिला आणि दर वेळी १५३६ × १०२४ च परत दिला. हे असं का होतं ते एकदा कळलं की विनवण्या थांबतात आणि काम होतं. म्हणून आधी थोडं कारण, मग कृती.

माप का बदलतं

चित्र किती मोठं काढायचं हे बहुतेक साधनांत आपलं वाक्य वाचून ठरत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. ओपनएआयच्या डॉल-ई २ या चित्रं काढणाऱ्या मॉडेलच्या काळात, म्हणजे २०२२ साली, फक्त चौकोनी चित्रं मिळत: २५६, ५१२ किंवा १०२४ पिक्सेलांची. डॉल-ई ३ ला १०२४ × १०२४, १७९२ × १०२४ आणि १०२४ × १७९२ ही तीन मापं आली. २०२५ साली आलेल्या जीपीटी-इमेज-१ ची मापंही तीनच होती: १०२४ × १०२४, १५३६ × १०२४ आणि १०२४ × १५३६. माझा फोटो ४:३ चा. यांतलं एकही माप ४:३ नाही, मग फोटो कुठेतरी कापला जाणार, ताणला जाणार किंवा नव्याने रचला जाणार हे आलंच. हल्ली आणखी मोठी चित्रं देणारी मॉडेलं आहेत, पण तिथेही अनेकदा ठरावीक प्रमाणांची यादीच असते. तुमच्या कॅमेऱ्याचं माप त्या यादीत असेलच असं नाही.

स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलांचं दुखणं थोडं वेगळं आहे. ही मॉडेलं थेट पिक्सेलांवर काम करत नाहीत. आधी चित्र आकुंचित करून एका छोट्या जाळीत बसवलं जातं. जाळीचा एक चौकोन म्हणजे मूळ चित्रातले ८ × ८ पिक्सेल. त्यामुळे रुंदी आणि उंची दोन्हींना ८ ने भाग जावा लागतो, काही नव्या मॉडेलांत १६ ने. शिवाय पहिलं स्टेबल डिफ्यूजन ५१२ च्या चौकोनावर शिकलेलं, त्याची पुढची आवृत्ती एसडीएक्सएल सुमारे एक मेगापिक्सेलवर (दहा लाख पिक्सेलांवर). त्याहून बरंच मोठं चित्र एकदम दिलं तर एका माणसाची दोन माणसं होतात.

जाळीचा हिशोब चेहऱ्याला लावून बघा. माझ्या फोटोत मागच्या रांगेतला एक चेहरा साधारण १५० पिक्सेल रुंद होता. फोटो ४०३२ वरून १५३६ वर आला की तोच चेहरा ५७ पिक्सेलांचा होतो. अशा मॉडेलात तो जाळीत गेला की जेमतेम सात चौकोन उरतात. सात चौकोनांतून डोळे, नाक, चष्मा पुन्हा उभे करायचे, म्हणजे अंदाजाने भरणं आलंच. म्हणून माप बदलणं आणि चेहरे बदलणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, आणि निकाल नुसता पुन्हा मोठा करून काकूंचा चष्मा परत येत नाही.

व्हिडिओवाल्यांना हे जुनंच आहे. १०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून एच.२६४ या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत १०८० ओळींचा व्हिडिओ आत १०८८ ओळींचा साठवला जातो आणि दाखवताना खालच्या आठ ओळी टाकून दिल्या जातात. आधी भर घाला, मग तेवढीच कापा. पुढे आपणही हीच युक्ती वापरणार आहोत.

सुरुवातीला या दोन-तीन गोष्टी तपासा

खरोखर साधनाचाच दोष आहे का, ते आधी बघा. पडद्यावर दिसणारं चित्र 'सेव्ह' केलं तर पुष्कळदा झलक म्हणून ठेवलेली लहान फाईल हाती येते. डाउनलोडचं बटण दाबूनच घ्या. स्क्रीनशॉट तर नकोच. मेसेजिंग ॲपमधून फोटो 'फोटो' म्हणून आला असेल, तर तो तुमच्या हाती पडण्याआधीच लहान झालेला असतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

दुसरी गोष्ट आडव्या-उभ्याची. फोन उभा धरून काढलेला फोटोही अनेकदा फाईलमध्ये आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक्झिफमध्ये, म्हणजे फाईलमधल्या माहितीच्या नोंदीत, 'हा फिरवून दाखवा' एवढी चिठ्ठी असते. या चिठ्ठीचे आकडे १ ते ८ असतात. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश. काही साधनं ती वाचतात, काही फेकून देतात. मग ३०२४ × ४०३२ चा फोटो ४०३२ × ३०२४ होऊन, आडवा पडून परत येतो आणि आपण प्रमाण बदललं म्हणून डोकं खाजवतो. उपाय सोपा: पाठवण्याआधी फोटो एडिटरमध्ये उघडून खरोखर फिरवा आणि नव्या नावाने सेव्ह करा. गिम्प हा मोफत एडिटर फोटो उघडतानाच फिरवू का म्हणून विचारतो, तिथे हो म्हणा. पायथनवाल्यांसाठी पिलो या चित्रांच्या लायब्ररीत एक्झिफ-ट्रान्सपोज नावाचं फंक्शन याचसाठी आहे.

आणि मूळ फाईलला हात लावू नका. तिची प्रत काढा, आणि एका कागदावर रुंदी, उंची, रंगाचं प्रोफाइल (फाईल कोणत्या रंगपट्ट्यात आहे ती नोंद), डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) आणि फाईलचा प्रकार लिहून ठेवा. पारदर्शक भाग असलेली पीएनजी असेल तर तेही लिहा, कारण पारदर्शकता बऱ्याच साधनांत हरवते. ती शेवटी मूळ फाईलमधूनच परत लावावी लागते.

साधनाची एकदाच परीक्षा घ्या

कोणतंही नवं साधन वापरण्याआधी मी त्याला एक चाचणीचित्र देतो. माझ्या नेहमीच्या फोटोंच्या मापाचा, ४०३२ × ३०२४ चा पांढरा कॅनव्हास. मधोमध मोठं वर्तुळ. चार कोपऱ्यांत १, २, ३, ४ हे आकडे अगदी कडेला चिकटून. चारही बाजूंना दहा पिक्सेल जाडीची रेघ. मग सांगायचं, 'वर्तुळाचा रंग निळा कर, बाकी काही बदलू नकोस.'

परत आलेल्या चित्रात सगळं दिसतं. वर्तुळ अंडाकृती झालं असेल तर साधन चित्र ताणतं. कोपऱ्यातले आकडे किंवा कडेची रेघ गेली असेल तर कापतं. कडेला नवीन पट्टा उगवला असेल तर भर घालतं. आणि सगळं जागेवर दिसतंय, पण वर्तुळ किंचित मोठं झालंय किंवा सरकलंय असं असेल, तर ते चित्र पूर्ण नव्याने काढतं. हे शेवटचं सगळ्यांत चकवणारं. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण मूळ चित्रावर ठेवलं की जुळत नाही.

पहिल्या तीन प्रकारांचा हिशोब कागदावर होतो. चौथ्यासाठी वेगळी मेहनत लागते, ती पुढे येईलच. पाच मिनिटांची ही चाचणी टाळून मी आधी कित्येक तास घालवलेत.

छोटा बदल असेल तर फक्त तुकडा पाठवा

बादली, वीजवाहिनी, कपड्यावरचा डाग, भिंतीवरचा फ्लॅशचा ठिपका. लोकांना हवे असलेले बहुतेक बदल फोटोच्या एका छोट्या भागातले असतात. त्यासाठी अख्खा फोटो पाठवायचं काहीच कारण नाही. गुडघा फाटला तर आपण पँट नवीन शिवत नाही, ठिगळ लावतो. तसंच इथे.

पहिल्यांदा साधनाच्या आवडीच्या मापाचा तुकडा मूळ फोटोतून कापा. लहान-मोठा न करता, जसाच्या तसा. चौकोनी १०२४ देणारं साधन असेल तर १०२४ × १०२४ चा तुकडा. गिम्पमध्ये आयताकृती निवडीच्या पर्यायांत ठरावीक माप टाकता येतं, फोटोशॉपमध्ये मार्कीच्या स्टाइलमध्ये 'फिक्स्ड साइझ' आहे. बादलीच्या वेळी मी डावीकडून २९००, वरून १९५० या जागेपासून तुकडा घेतला. हे दोन आकडे फाईलच्या नावातच टाकले: ग्रुप-२९००-१९५०. ही सवय लावून घ्या, नाहीतर तासाभराने तुकडा हातात आणि जागा विसरलेली, अशी गत होते.

तुकडा कुठून घ्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. काढायची वस्तू तुकड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठी नसावी, म्हणजे मागे काय भरायचं हे कळायला मॉडेलला आजूबाजूचं दिसतं. तुकड्याची कड कुणाच्या चेहऱ्यातून, हातातून किंवा अक्षरांतून जाऊ देऊ नका. वस्तूची सावली आणि प्रतिबिंबही तुकड्यात यायला हवं. बादली गेली आणि सावली उरली, तर फोटो आणखी विचित्र दिसतो.

तुकडा पीएनजी म्हणून सेव्ह करा, जेपीईजीचा आणखी एक थर चढायला नको. काही फोन डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपट्ट्यात फोटो काढतात. अशा वेळी तुकडा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात बदलून पाठवा, कारण परत येणाऱ्या चित्राला अनेकदा प्रोफाइलच नसतं आणि ते तसंच चिकटवलं तर रंग फिके पडतात.

सूचना देताना थोडक्यात आणि भरायचं काय ते सांगा: 'बादली आणि तिची सावली काढून तिथे तशीच फरशी भर. बाकी जसंच्या तसं.' साधनात मास्क, म्हणजे बदलायची जागा, रंगवायची सोय असेल तर वस्तूच्या बाहेर दहा-वीस पिक्सेलपर्यंत रंगवा. अगदी काठोकाठ मास्क केला तर वस्तूची पुसट कड मागे राहते.

परत आलेला तुकडा १०२४ × १०२४ आहे ना ते बघा, आणि मूळ फोटोवर नवा लेयर, म्हणजे वेगळा थर, म्हणून त्याच जागी ठेवा. गिम्पमध्ये लेयरच्या गुणधर्मांत डावीकडून आणि वरून किती अंतर ते आकड्यांत टाकता येतं. फोटोशॉपमध्ये तीच निवड चालू ठेवून पेस्ट केलं तर तुकडा नेमका तिथेच बसतो.

आता महत्त्वाचं. अख्खा तुकडा तसाच ठेवू नका. लेयरला काळा मास्क लावा, म्हणजे तो पूर्ण झाकला जाईल, आणि फक्त बादलीच्या जागी मऊ पांढऱ्या ब्रशने उघडा. कारण आपण सांगितलेलं नसतानाही मॉडेलने बाकीच्या भागात बारीक बदल केलेले असतात. विटांच्या रेघा हललेल्या असतात, कापडाचं विणकाम गुळगुळीत झालेलं असतं. जेवढा बदल हवा होता तेवढाच नव्यातून घ्यायचा, उरलेला फोटो मूळचाच.

दोन गोष्टी हमखास खटकतात. एक, तुकड्याचा उजेड किंवा रंग किंचित हललेला असतो. तुकड्यात न बदललेला भागही असल्यामुळे हे मोजता येतं: त्याच फरशीचा रंग मूळ फोटोत आणि तुकड्यात पिकरने बघा आणि फरक कर्व्ह्ज या उजेड-रंग सुधारायच्या पर्यायाने काढून टाका. दुसरी, मूळ फोटोत कॅमेऱ्याचा बारीक दाणा असतो आणि एआयने भरलेली जागा मेणासारखी गुळगुळीत. त्या लेयरवर थोडा नॉइज, म्हणजे कृत्रिम दाणा, टाका आणि १०० टक्के झूमवरच तपासा. बसवलेल्या आकारात सगळंच छान दिसतं.

बदलायची जागा १०२४ मध्ये मावत नसेल तर २०४८ चा तुकडा घ्या, अर्धा करून पाठवा, परत आल्यावर दुप्पट करा. थोडा बारकावा जाईल, पण तेवढ्याच भागातला. आकाश, भिंत, गवत अशा ठिकाणी तो कुणाला कळतही नाही. चेहऱ्यावर मात्र हे करू नका.

फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल मुळात असंच चालतं. निकाल वेगळ्या लेयरवर, मास्कसकट येतो, म्हणून कॅनव्हासचं माप बदलत नाही. २०२३ मध्ये ते आलं तेव्हा भरलेला भाग १०२४ पिक्सेलांपर्यंतचाच तयार व्हायचा, त्यामुळे मोठी जागा एकदम निवडली की ती धूसर दिसे. तेव्हा लोक छोट्या छोट्या जागा निवडत. ती सवय आजही वाईट नाही.

पूर्ण फोटोच पाठवायचा असेल तर आधी भर घाला

कधी तुकड्याने भागत नाही. अख्खी पार्श्वभूमी बदलायची असते किंवा फोटोचं चित्रात रूपांतर हवं असतं. मग प्रमाण आपणच जुळवून द्यायचं.

माझा ४०३२ × ३०२४ चा फोटो ३:२ मध्ये बसवायचा तर उंची ३०२४ च ठेवून रुंदी ४५३६ करावी लागते. म्हणजे डावीकडे २५२ आणि उजवीकडे २५२ पिक्सेलांची भर. हा ४५३६ × ३०२४ चा फोटो साधनाने १५३६ × १०२४ केला तरी काही कापलं जात नाही, ताणलंही जात नाही. परत आल्यावर तो पुन्हा ४५३६ × ३०२४ पर्यंत मोठा करा आणि दोन्ही बाजूंचे २५२ पिक्सेल कापा. फोटो ४०३२ × ३०२४ आणि चौकट मूळचीच. आधी मोठा करून मग कापायचा, हा क्रम पाळा. लहान असतानाच कापायला गेलात तर कड ८५.३३ पिक्सेलांवर येते, आणि पिक्सेलचा तिसरा हिस्सा कापता येत नाही.

भर कशाची घालायची? काळे पट्टे लावले तर काही मॉडेलं त्यांना चौकट समजतात आणि तशीच ठेवतात, ते ठीक. पण काही त्यांवर चित्र पसरवतात आणि मग आतलं सगळं किंचित सरकतं. मला कडेचंच प्रतिबिंब उलटवून भरलेलं बरं वाटतं. मॉडेलला तो फोटोचाच भाग वाटतो आणि तिथे त्याने काही गोंधळ घातला तरी आपण ते कापूनच टाकणार असतो. मात्र कडेला माणूस उभा असेल तर प्रतिबिंबात त्याचा जुळा भाऊ तयार होतो. तिथे साधा राखाडी रंग घ्या.

आठ किंवा सोळाच्या पटीचा प्रश्न असेल तेव्हा भर अगदी थोडी लागते. १०८० × १३५० हे उभ्या पोस्टचं प्रचलित माप घ्या. १३५० ला ८ ने भाग जात नाही, आणि १६ ने तर दोन्हींना जात नाही. डावी-उजवीकडे चार-चार, वर-खाली पाच-पाच पिक्सेल वाढवले की १०८८ × १३६० होतं. दोन्हींना १६ ने भाग जातो आणि प्रमाणही तेच ४:५ राहतं. काम झालं की तेवढेच कापा.

स्वतःच्या मशीनवर काम करणाऱ्यांसाठी

कम्फीयूआय या प्रोग्राममध्ये काम नोड म्हणजे डबे जोडून रचतात. तिथे चित्र जाळीत टाकणारा नोड ८ च्या पटीपलीकडचे पिक्सेल गुपचूप कापतो, दोन्ही बाजूंनी सारखे. १३५० ची उंची १३४४ होते, वरचे तीन आणि खालचे तीन गेले. एरवी कळत नाही, पण मूळ चित्रावर ठेवलं की सगळं तीन पिक्सेलांनी चुकतं. म्हणून आधी भर घालणारा नोड आणि शेवटी कापणारा नोड, ही जोडी आराखड्यात कायमची ठेवा. फ्लक्स कॉन्टेक्स्ट या फोटो बदलणाऱ्या मॉडेलसाठीचा माप बसवणारा नोड तर सुमारे एक मेगापिक्सेलच्या ठरलेल्या मापांतलं सर्वांत जवळचं माप निवडतो. ४:३ च्या फोटोला तिथे ११८४ × ८८० मिळतं. जवळचं आहे, पण ४:३ नाही.

स्टेबल डिफ्यूजनच्या वेब यूआयमध्ये मास्क रंगवून 'ओन्ली मास्क्ड' निवडलं की वरची सगळी तुकड्याची कृती तो स्वतः करतो. मास्कभोवतीचा भाग कापतो, ठरवलेल्या मापापर्यंत मोठा करतो, काम करतो, लहान करून मूळ जागी चिकटवतो. आजूबाजूचा संदर्भ म्हणून सुरुवातीला ३२ पिक्सेलच धरलेले असतात. मी ते शंभराच्या पुढे नेतो, तेव्हा कुठे भरलेला भाग परिसराशी जुळतो. मास्क न वापरता पूर्ण चित्र देत असाल तर तिथले तीन पर्याय नीट वाचा: 'जस्ट रिसाइझ' ताणतो, 'क्रॉप अँड रिसाइझ' कापतो, 'रिसाइझ अँड फिल' भर घालतो.

फक्त रंग किंवा उजेड बदलायचा असेल तेव्हा

ही माझी आवडती युक्ती. 'संध्याकाळचा उजेड दे', 'पिवळटपणा काढ' असलं काम असेल तर एआयकडून पिक्सेल घ्यायचेच नाहीत, नुसता रंग घ्यायचा. निकाल मूळ मापापर्यंत मोठा करा, मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवा आणि ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा तो पर्याय) 'कलर' करा. रंग नव्याचा येतो, बारकावा मूळ फोटोचा राहतो. रंग धूसर असले तरी डोळा फारसं मनावर घेत नाही, त्याला कडा दिसतात त्या उजेडाच्या फरकातून, आणि त्या इथे मूळच्याच आहेत.

उजेडही बदलला असेल तर 'कलर' पुरत नाही. मग वजाबाकी करायची. मूळ फोटो एआयच्या मापाएवढा लहान करा. एआयच्या निकालातून तो वजा करा. उरला तो निव्वळ बदल. तो थोडा ब्लर करून मोठा करा आणि मूळ मोठ्या फोटोत मिळवा. पायथनमध्ये हे पाच-सहा ओळींत होतं, फक्त आकडे दशांशात ठेवा, नाहीतर वजाबाकीत आलेले ऋण आकडे शून्य होऊन जातात. मात्र एआयने वस्तू हलवल्या असतील तर भुतासारख्या दुहेरी कडा दिसतात. तेव्हा आधी पुढची कृती करा.

सरकलेलं चित्र जागेवर आणणं

निकाल मूळ मापापर्यंत मोठा करून वर ठेवा आणि ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. दोन्ही जुळले तर सगळं काळं दिसतं. सगळीकडे एकाच बाजूला सारख्या जाडीच्या उजळ कडा दिसल्या तर चित्र नुसतं सरकलंय, ॲरो-कीने ढकला. मध्यभागी काळं आणि कडेकडे जाताना रेघा जाड होत असतील तर चित्र मोठं-लहान झालंय.

किती, ते मोजायला लांबवरच्या दोन ठळक खुणा धरा, समजा दोन खिडक्यांचे कोपरे. मूळ फोटोत त्यांच्यातलं अंतर २४०० पिक्सेल आणि निकालात २४३६ असेल, तर निकाल दीड टक्क्याने फुगलाय. २४०० भागिले २४३६, म्हणजे ९८.५२ टक्के करा. हेच उभ्या दिशेनेही मोजा. दोन्ही आकडे वेगळे आले तर चित्र ताणलेलं आहे, आणि दोन दिशांना वेगवेगळं प्रमाण लावावं लागेल.

फोटोशॉपचं 'ऑटो-अलाइन लेयर्स' हेच आपोआप करतं. ओपनसीव्ही या प्रोग्रामिंगच्या लायब्ररीत सिफ्ट किंवा ऑर्ब या पद्धतींनी खुणा शोधून चित्र बसवता येतं. कुठल्याही पद्धतीने न जुळणारं चित्रही असतं: डावा भाग एकीकडे सरकलेला, उजवा दुसरीकडे. ते मी टाकून देतो आणि पुन्हा मागतो. त्याला ओढूनताणून बसवण्यात गेलेला वेळ कधी वसूल झाला नाही.

मोठं करणारी साधनं

सगळ्यांत आधी लोक याच उपायाकडे धावतात, म्हणून मी ते शेवटी ठेवलंय. १५३६ चा निकाल रिअल-ईएसआरगॅनसारख्या अपस्केलरने चारपट करून मग ४०३२ वर आणता येतो. आकडा बरोबर येतो आणि चित्रही तुकतुकीत दिसतं. पण त्यातला बारकावा रचलेला असतो, मूळचा परत आलेला नसतो. पान, दगड, केस यांना चालतं. ओळखीचे चेहरे, अक्षरं, नंबरप्लेट, कागदपत्रं यांना चालत नाही. साधं रिसाइझ करायचं असेल तर फोटोला लॅंक्झोस किंवा बायक्युबिक ही पद्धत वापरा, मास्कला 'नियरेस्ट', नाहीतर मास्कच्या कडा राखाडी होतात.

छपाई, आणि ढिगाने फाईली असतील तर

छपाईवाला डीपीआय विचारतो आणि एआयच्या फाईलमध्ये बहुतेकदा ७२ किंवा काहीच नसतं. तो आकडा बदलल्याने पिक्सेल वाढत नाहीत. ३०० डीपीआयने १५३६ पिक्सेल म्हणजे ५.१२ इंच, ४०३२ म्हणजे १३.४४ इंच. ए४ कागदाला २४८० × ३५०८ लागतात. मूळ फोटोतच ठिगळ लावलं असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. डीपीआय, प्रोफाइल, काढल्याची तारीख, सगळं मूळ फाईलचंच राहतं.

फाईली शेकड्यांनी असतील तर प्रत्येक निकालाचं माप स्क्रिप्टने मूळ मापाशी ताडून बघा. प्रोग्रामातून साधन वापरत असाल तर माप 'ऑटो' वर सोडू नका, एक ठराविक माप लिहा म्हणजे भर आणि काप यांचा हिशोब प्रत्येक फाईलला सारखा लागतो. नुसतं माप ताडून मात्र थांबू नका. मापाला बरोबर पण आतून सरकलेल्या फाईली त्यातून सुटतात. मास्कच्या बाहेरच्या पिक्सेलांचा मूळ फोटोशी सरासरी फरक काढा, आणि तो ज्यांचा जास्त असेल त्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून डोळ्यांनी बघा. ग्रुप फोटो असेल तर मागच्या रांगेपासून सुरुवात करा.